बुद्धवंदनेचे कूळ

नागपूरच्या बुद्धविहारांत वंदना होते तेव्हा पेटी नसते, तबला नसतो. मेणबत्ती-अगरबत्ती लावून उपासक-उपासिका हात जोडतात. एक जण पाली ओळ म्हणतो, मागोमाग सगळे म्हणतात. चाल मोजक्या स्वरांत फिरते. ताल धरावा लागत नाही, ऱ्हस्व-दीर्घ अक्षरेच लय सांभाळतात. शेवटी तीनदा ‘साधु’.

या वंदनेचा गाभा त्रिशरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणे, आणि त्याचे मूळ गाण्यात नाही, वचन देण्यात आहे. विनयपिटकातल्या ‘महावग्गा’नुसार तपुस्स आणि भल्लिक हे व्यापारी पहिले उपासक. तेव्हा संघच नव्हता, म्हणून ते बुद्ध आणि धम्म या दोहोंनाच शरण गेले. पुढे संघ उभा राहिला आणि वाराणसीच्या यश नावाच्या तरुणाचे वडील तिन्हींना शरण जाणारे पहिले उपासक ठरले. भिक्खूंची दीक्षाही एके काळी त्रिशरण तीनदा उच्चारूनच होई. शब्द ज्याचे त्याने आपल्या तोंडाने म्हणायचे, ही रीत तिथली.

भारतात धम्म क्षीण झाला, तरी श्रीलंका आणि ब्रह्मदेशात ही वचने पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राहिली. बाबासाहेब आंबेडकरांनी पालीचा अभ्यास केला, तिचा कोश रचायला घेतला, उपासकांसाठी ‘बौद्ध पूजापाठ’ सिद्ध केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपुरात भदन्त चंद्रमणी महास्थविरांनी त्यांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले. महास्थविर मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे, कुशीनगरला स्थायिक झालेले. त्यानंतर समोरच्या लाखोंना दीक्षा दिली ती स्वतः बाबासाहेबांनी, एका गृहस्थाने.

या घटनेने वंदनेला आजचे रूप दिले. भारतीय बौद्ध महासभेचे विधी चालवणारे बौद्धाचार्य गृहस्थच असतात. लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन, कोणत्याही प्रसंगी जाणता उपासक पुढे बसून वंदना घेतो. ज्यांना मंत्राच्या जवळपासही फिरकू दिले नव्हते, त्यांच्या घरी आजी आणि नात एका सुरात पाली म्हणतात. चाल साधी आहे म्हणूनच हे होते. गळा नसलेल्यालाही तिच्यात जागा मिळते.

आता वाद्यमेळासह ध्वनिमुद्रित वंदना मिळतात. उच्चार शिकायला त्या जरूर लावाव्यात. पण त्या लावून आपण गप्प बसलो, तर वंदना नुसती ऐकली जाईल. शरण जायचे, तर ती म्हणावीच लागते.