यजमान शहर (आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा)

यजमान शहर : फुटबॉलच्या विश्वचषकासारख्या मोठ्या स्पर्धेतील काही सामने आपल्या हद्दीत भरवण्याची जबाबदारी कराराने स्वीकारलेले शहर. स्पर्धा ओळखली जाते देशाच्या नावाने. पण पाहुण्यांची ने-आण, बंदोबस्त, पिण्याचे पाणी, कचरा, रुग्णवाहिका आणि सामना संपल्यावरची रात्रीची शेवटची गाडी हे सगळे शहराच्या अंगावर येते. जर्मनीतील २००६ च्या विश्वचषकाला १२ यजमान शहरे होती. कतारने २०२२ मध्ये आठही मैदाने दोहा आणि आसपासच्या परिसरात ठेवली, त्यामुळे जवळजवळ एकाच महानगराने ३२ संघांचा भार उचलला. २०२६ च्या स्पर्धेसाठी अमेरिकेतील ११, मेक्सिकोतील ३ आणि कॅनडातील २ अशी १६ शहरे निवडली गेली. संघ ४८ झाले आणि सामने ६४ वरून १०४ वर गेले.

कामाची वाटणी करारात ठरते. वेळापत्रक, तिकिटे, प्रक्षेपण आणि मैदानातील जाहिराती फिफाच्या हाती असतात, राष्ट्रीय महासंघ व स्थानिक संयोजन समिती मधला समन्वय पाहतात आणि मैदानाच्या फाटकापासून विमानतळापर्यंतचा पसारा शहराकडे येतो. त्यासाठी महापालिका, पोलीस, वाहतूक शाखा, रेल्वे, अग्निशमन दल, रुग्णालये आणि वीजपुरवठा करणारी यंत्रणा यांना एका नियंत्रण कक्षात बसवावे लागते. फाटके लवकर उघडायची का, सामना अर्धा तास पुढे ढकलायचा का, वीज कडाडत असताना प्रेक्षकांना आत घ्यायचे का, या प्रश्नांवर शेवटचा शब्द कोणाचा हे आधीच लिहून ठेवावे लागते. गर्दी फाटकाशी येऊन भिडल्यावर अधिकारकक्षेची चर्चा करायला वेळ उरत नाही. रंगीत तालीमही लागते. २००५ ते २०१७ या काळात विश्वचषकाच्या आदल्या वर्षी त्याच देशात कॉन्फेडरेशन्स कप भरवला जाई. कतारने २०२१ च्या अखेरीस अरब कप भरवून आपली मेट्रो, मैदाने आणि माणसे तपासून घेतली.

यजमानपदाचा खर्च हा या विषयातला सर्वांत वादाचा भाग आहे. १९९४ च्या विश्वचषकाचा उद्घाटनाचा सामना शिकागोच्या सोल्जर फील्डवर झाला होता. त्याच शिकागोने २०१८ मध्ये २०२६ च्या यादीतून अंग काढून घेतले. करदात्यांवर नेमका किती बोजा पडेल याची खात्री फिफाकडून मिळत नाही, असे कारण शहराने दिले. मिनियापोलिस आणि व्हँकुव्हर हेही त्याच सुमारास बाहेर पडले. पुढे क्वेबेक प्रांताने पाठिंबा काढल्यामुळे २०२१ मध्ये मॉन्ट्रियल गळाले आणि २०२२ मध्ये व्हँकुव्हर पुन्हा यादीत आले. प्रक्षेपणाचे हक्क, तिकिटे आणि जागतिक प्रायोजक यांचा पैसा फिफाकडे जातो. शहराला मिळतो तो मुख्यतः हॉटेल-उपाहारगृहांच्या उलाढालीवरचा कर आणि स्थानिक पुरस्कर्त्यांकडून मिळेल तेवढा निधी. अमेरिकेत सुरक्षेचा खर्च इतका वाढला, की २०२५ मध्ये संघराज्य सरकारने यजमान शहरांसाठी ६२ कोटी ५० लाख डॉलरची तरतूद कायद्याने केली. शिकागोच्या माघारीवर तेव्हा टीका झाली, पण तिने विचारलेला प्रश्न रास्त होता आणि सही करण्यापूर्वी प्रत्येक महापालिकेने तो विचारलाच पाहिजे.

नियोजनाचा खरा कस लागतो तो स्थानक आणि मैदान यांमधल्या शेवटच्या किलोमीटरवर. मैदान कितीही देखणे असले तरी प्रेक्षक तिथे चालतच पोहोचतो. क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेनुसार सपाट वाटेवरून दर मीटर रुंदीमागे मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसे जाऊ शकतात, जिन्यावरून ६६. साठ हजारांचे मैदान सुटले आणि स्थानकाकडे जाणारी एकच वाट दहा मीटर रुंद असली, तर मिनिटाला ८२० या हिशेबाने मैदान रिकामे व्हायला सव्वा तास लागेल. स्थानकातून दर तीन मिनिटांनी हजार प्रवाशांची गाडी सुटत असेल, तर त्याच गर्दीला तीन तास हवेत. म्हणून नियोजनकार गर्दी तुकड्यातुकड्यांनी सोडतात, वाटा वाढवतात, वाटेत कठड्यांच्या रांगा आखतात आणि सामन्यानंतर संगीत, खाणे-पिणे ठेवून काही लोकांना मैदानाच्या आवारातच रेंगाळायला लावतात.

हा हिशेब चुकला की काय होते, हे पॅरिसला लागून असलेल्या सँ-देनी येथे २८ मे २०२२ रोजी जगाने पाहिले. चॅम्पियन्स लीगचा तो अंतिम सामना क्लबांचा होता, पण यजमान शहरासाठी त्याचे धडे तेच आहेत. सामना मुळात सेंट पीटर्सबर्गला होता. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर तो पॅरिसकडे आला आणि तयारीला जेमतेम तीन महिने मिळाले. त्या दिवशी उपनगरी रेल्वेच्या बी मार्गावर संप होता. लिव्हरपूलचे हजारो समर्थक डी मार्गाने आले आणि महामार्गाखालच्या चिंचोळ्या वाटेवर तिकीट-तपासणी व झडती यांसाठी एकत्र अडकले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. सामना ३६ मिनिटे उशिरा सुरू झाला. बनावट तिकिटांमुळे सारे बिघडले असे फ्रान्सच्या मंत्र्यांनी सुरुवातीला सांगितले. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या स्वतंत्र चौकशी अहवालाने मात्र मुख्य जबाबदारी युरोपीय महासंघावर, म्हणजे युएफावर ठेवली आणि समर्थकांना दोष देण्याचा प्रयत्न फेटाळला.

सँ-देनीच्या घटनेच्या आदल्या वर्षी, ११ जुलै २०२१ रोजी, लंडनच्या वेम्बली मैदानावर युरो स्पर्धेचा अंतिम सामना होता. सुमारे दोन हजार माणसे तिकिटाशिवाय आत घुसली. बॅरोनेस केसी यांच्या अहवालाने नोंदवलेले एक कारण विचार करायला लावते : करोनाच्या निर्बंधांमुळे शहरात बिनातिकिटाच्या समर्थकांसाठी मोठा पडदा लावलेली जागा नव्हती, त्यामुळे सगळे पाय वेम्बलीकडेच वळले. आणि २४ जानेवारी २०२२ रोजी कॅमेरूनची राजधानी याउंडे येथे, आफ्रिका कप स्पर्धेत, ओलेंबे मैदानाच्या दक्षिण प्रवेशद्वाराशी चेंगराचेंगरीत आठ जणांचा जीव गेला. उघडे असायला हवे होते ते फाटक बंद होते. त्या फाटकाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे आधी कागदावर पक्के असते, तर ते उघडण्यासाठी एका माणसाचा एक आदेश पुरला असता.

चांगली उदाहरणेही आहेत आणि ती दिसायला साधी आहेत. केपटाऊनने २०१० च्या विश्वचषकात शहराच्या मध्यापासून ग्रीन पॉइंटच्या मैदानापर्यंतचा सुमारे अडीच किलोमीटरचा रस्ता ‘फॅन वॉक’ म्हणून पादचाऱ्यांना दिला. संगीत आणि खाण्याच्या टपऱ्यांमुळे लोक आपखुशीने चालत गेले. जर्मनीने २००६ मध्ये सामन्याच्या तिकिटावरच शहरातील सार्वजनिक वाहतूक खुली केली, तर २०२४ च्या युरो स्पर्धेत तिकीटधारकाला ३६ तासांचा पास दिला. दोहात २०२२ मध्ये उंच खुर्चीवर बसून फोमच्या मोठ्या हाताने वाट दाखवणारे आणि ‘मेट्रो? धिस वे’ असा गजर करणारे कर्मचारी साऱ्या स्पर्धेची ओळख होऊन बसले.

पैसा ओतूनही एखादा दुवा निसटतो. जोहान्सबर्गची गाउट्रेन उद्घाटनाच्या सामन्याआधी तीन दिवस, ८ जून २०१० रोजी सुरू झाली आणि विमानतळाशी नवी जोड मिळाली. दरबानमध्ये किंग शाका विमानतळ १ मे २०१० रोजी उघडला. पण ७ जुलैच्या जर्मनी-स्पेन उपान्त्य सामन्याला आलेल्या बड्या पाहुण्यांच्या खासगी विमानांनी तिथली जागा अडवली. प्रवासी विमानांना उतरता येईना, आणि तिकीट हातात असलेल्या शेकडो प्रेक्षकांचा सामना हुकला. पाहुण्यांमध्ये प्रतवारी करताना सामान्य तिकीटधारक शेवटी ढकलला जाऊ नये, हे यजमान शहराचे कर्तव्यच आहे.

मैदानाबाहेर सामना दाखवण्याची कल्पना आता नियोजनाचा अविभाज्य भाग आहे. २००२ मध्ये दक्षिण कोरियाचा संघ उपान्त्य फेरीपर्यंत गेला तेव्हा सोलच्या सिटी हॉलसमोर आणि ग्वांगह्वामुन परिसरात लाल शर्टांतील लाखो लोक रस्त्यावर बसून सामने पाहत होते. त्या उत्स्फूर्त गर्दीला जर्मनीने चार वर्षांनी व्यवस्थेची जोड दिली. बारा शहरांत ‘फॅन फेस्ट’ उभे राहिले, आणि बर्लिनमध्ये ब्रँडेनबुर्ग फाटकापासून विजयस्तंभाकडे जाणारा रस्ता स्पर्धाभर बंद ठेवून पडदे लावले गेले. फिफाच्या हिशेबाने देशभरात अशा ठिकाणी १.८ कोटी भेटी झाल्या. तिकीट न परवडणाऱ्यांना उत्सवात जागा मिळाली आणि पोलिसांना गर्दी कुठे असेल हे आधी कळू लागले.

प्रायोजकांच्या अटी शहराच्या रस्त्यावर सर्वाधिक जाचतात. मैदानाभोवतीच्या पट्ट्यात मान्यता नसलेला माल विकता येत नाही, मैदानाच्या नावातला कंपनीचा उल्लेखही झाकावा लागतो. म्हणून २०२६ साठी न्यूजर्सीतील मेटलाइफ स्टेडियमला ‘न्यूयॉर्क न्यूजर्सी स्टेडियम’ असे नाव दिले गेले. श्टुटगार्टला २००६ मध्ये एका मद्य कंपनीच्या नारिंगी विजारी घालून आलेल्या डच समर्थकांना त्या दारातच उतरवून आत सोडले, आणि कित्येकांनी अंतर्वस्त्रांवर सामना पाहिला. ब्राझीलमधल्या साल्वादोरचा प्रश्न मात्र पोटाचा होता. तिथल्या पांढऱ्या घेरदार पोशाखातील ‘बायाना’ स्त्रिया चवळीच्या पिठाचे तळलेले आकाराजे पिढ्यान्‌पिढ्या विकत आल्या आहेत. फोन्ते नोव्हा मैदानाभोवती त्यांना बंदी होणार होती. त्यांनी संघटनेच्या बळावर लढा दिला आणि आवारात विक्रीची परवानगी मिळवली. शहराची ओळख ज्यांच्यामुळे आहे त्या फेरीवाल्यांना करारात जागा ठेवणे कठीण नाही. वाटाघाटीच्या टेबलावर त्यांच्या बाजूने कोणीतरी बोलावे लागते.

भारताला या कामाचा पहिला मोठा अनुभव ६ ते २८ ऑक्टोबर २०१७ या काळात सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाने दिला. २४ संघ, ५२ सामने आणि सहा शहरे : नवी दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, मडगाव आणि नवी मुंबई. प्रेक्षकसंख्या १३,४७,१३३ झाली, या वयोगटात तोवरची सर्वाधिक. कोचीत मैदानाच्या इमारतीतील दुकाने सुरक्षेसाठी रिकामी करण्याचा वाद केरळ उच्च न्यायालयात गेला. सर्वांत कठीण परीक्षा गुवाहाटीची झाली. पावसाने तिथले मैदान इतके भिजले, की इंग्लंड-ब्राझील उपान्त्य सामना दोन दिवस आधी, २३ ऑक्टोबरला, कोलकात्याला हलवावा लागला. संघांचा प्रवास, हॉटेले, बंदोबस्त, प्रक्षेपण आणि नवी तिकीटविक्री एवढे सारे त्या मुदतीत झाले; २५ तारखेला सॉल्ट लेक मैदानावर साठ हजारांहून अधिक लोक हजर होते. कोलकात्याची ही चपळाई जाणत्या शहराची होती. मोठी गर्दी हाताळण्याची सवय तिथल्या पोलिसांना, परिवहन सेवेला आणि खुद्द प्रेक्षकांना होती.

नवी मुंबईची गोष्ट वेगळी. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम क्रिकेटसाठी गाजलेले. तिथे फुटबॉलसाठी आखणी करावी लागली आणि महापालिकेने नेरूळच्या यशवंतराव चव्हाण मैदानावर सरावाची सोय उभारली. हार्बर मार्गावरची लोकल आणि शीव-पनवेल महामार्ग जवळ असणे हे या मैदानाचे मोठे बळ. मुंबईकराला शेवटच्या लोकलचे गणित तोंडपाठ असते, त्यामुळे रात्रीच्या सामन्याची वेळ आणि गाड्यांचे वेळापत्रक यांचा मेळ घालण्याला इथे वेगळेच महत्त्व येते. कोलकात्यात इंग्लंड-ब्राझील खेळले त्याच दिवशी इथे स्पेनने मालीला ३-१ असे हरवले. मडगावच्या फातोर्डा मैदानाला प्रेक्षकांची ओढ नव्याने लावावी लागली नाही. गोव्यात फुटबॉल गावोगावच्या वाड्यांवर खेळला जातो.

पुढे २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात महिलांचा आशिया चषक मुंबईतील अंधेरी, नवी मुंबई आणि पुण्यातील बालेवाडी येथे झाला. आधी भुवनेश्वर आणि अहमदाबाद ठरले होते. करोनाच्या काळात संघांचा प्रवास कमी व्हावा म्हणून एकमेकांजवळची शहरे घेतली गेली. तरीही विषाणू सुरक्षित वर्तुळात शिरला. भारतीय संघाला २३ जानेवारीच्या सामन्यासाठी किमान १३ खेळाडूही उभे करता आले नाहीत आणि यजमान संघच स्पर्धेबाहेर गेला. त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची तयारी चालू असताना फिफाने ऑगस्टच्या मध्यात भारतीय महासंघाला निलंबित केले. २६ ऑगस्टला निलंबन उठेपर्यंत भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई या तिन्ही शहरांना आपण यजमान आहोत की नाही हे ठाऊक नव्हते. स्पर्धा ११ ऑक्टोबरला ठरल्या दिवशी सुरू झाली. अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नेरूळला झाला आणि स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले.