चेन्नईतील मराठी कुटुंबांसाठी : योजनेचे पैसे आणि घरखर्चाचा मेळ

थोडक्यात : योजनेची रक्कम ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या खात्यात येते. घरातले मोठे खर्चही ठरावीक काळाने येतात. या दोन्हींची सांगड एकदा घातली, की रोजच्या धावपळीत पैशाची काळजी कमी होते. सौकारपेठेत गलाईचे काम करणारी सांगलीकडची कुटुंबे असोत किंवा शहरात इतरत्र राहणारे मराठी भाषक, चेन्नईत घर चालवणाऱ्या सर्वांना ही माहिती उपयोगी पडेल.

१. आधी ठरवा : रेशनकार्ड कोणत्या राज्याचे?

बहुतेक योजना रेशनकार्डावर अवलंबून असतात. एका व्यक्तीचे नाव एकाच कार्डावर असू शकते. म्हणून पुढील फरक लक्षात घ्या.

कार्ड महाराष्ट्राचे असल्यास
- कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंब गटातील असेल, तर ‘एक देश एक रेशनकार्ड’ व्यवस्थेमुळे चेन्नईतील रेशन दुकानातून केंद्राच्या वाट्याचे मोफत धान्य घेता येते. तामिळनाडू या व्यवस्थेत ऑक्टोबर २०२० पासून आहे.
- प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो धान्य मिळते. काही माणसे गावी आणि काही चेन्नईत असतील, तर दोन्हीकडे थोडे थोडे धान्य उचलता येते. एकूण वाटा मात्र तेवढाच राहतो.
- सोबत कार्ड क्रमांक किंवा आधार क्रमांक न्या. दुकानात अंगठा द्यावा लागतो.
- तामिळनाडू सरकार आपल्या कार्डधारकांना सवलतीत देत असलेली तूरडाळ आणि पामतेल या कार्डावर मिळत नाही.

कार्ड तामिळनाडूचे असल्यास
- राज्याच्या वाट्याचे रेशन मिळते आणि ‘कलैञर मगळिर उरिमै तोगै’ या योजनेसाठी अर्ज करता येतो. आधीचे कार्ड असल्यास त्यावरील नाव प्रथम कमी करून घ्यावे लागते.

महाराष्ट्राच्या ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी महिला महाराष्ट्राची रहिवासी असणे आवश्यक आहे. दोन राज्यांत दोन अर्ज करू नका. पुढे पडताळणीत अडचण येते.

२. उरिमै तोगै : मुख्य अटी

ही योजना १५ सप्टेंबर २०२३ रोजी कांचीपुरम येथे सुरू झाली. नावाचा अर्थ ‘महिलांच्या हक्काची रक्कम’. पात्र कुटुंबातील एका महिलेच्या खात्यात दरमहा १,००० रुपये जमा करण्याची ही योजना असून जमा होण्याची तारीख १५ आहे. योजना सुरू होताना ठरलेल्या मुख्य अटी :
- महिलेचे वय २१ वर्षे पूर्ण.
- कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपेक्षा कमी.
- घरगुती वीजवापर वर्षाला ३,६०० युनिटपेक्षा कमी.
- कुटुंबात आयकर भरणारी व्यक्ती किंवा स्वतःचे चारचाकी वाहन नसावे.

अर्ज नामंजूर झाल्यास, तसे कळल्यापासून ३० दिवसांत ई-सेवै केंद्रातून महसूल विभागीय अधिकाऱ्यांकडे (आपल्याकडचे प्रांत) अपील करण्याची सोय ठेवण्यात आली होती. अटी बदलू शकतात, त्यामुळे अर्जापूर्वी केंद्रात खात्री करा.

३. पैसे खात्यात पूर्ण येतात का, ते पाहा

पहिला हप्ता जमा झाला तेव्हा काही बँकांनी ‘किमान शिल्लक नाही’ म्हणून त्यातून दंड कापल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तशी कपात करू नये, असे राज्य सरकारने बँकांना बजावले. तुमच्याबाबत असे होऊ नये म्हणून :
- आपले खाते शून्य शिल्लक चालणारे (मूलभूत बचत किंवा जनधन खाते) आहे का, ते विचारा. नसल्यास तसे करून देण्याचा अर्ज द्या.
- अशा खात्यातून महिन्यात किमान चार वेळा मोफत पैसे काढता येतात. शंभर-दोनशे करत वारंवार काढू नका.
- थेट लाभाची रक्कम बहुधा आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. दोन बँकांत खाती असल्यास कोणते खाते जोडलेले आहे, हे बँकेत विचारून घ्या. ‘पैसे आलेच नाहीत’ अशा अनेक तक्रारींत रक्कम दुसऱ्याच खात्यात असते.

४. ठरलेल्या खर्चांची वाटणी

वीजबिल : चेन्नईत ईबीचे बिल दोन महिन्यांनी येते, म्हणून ते एकदम जड वाटते. घरगुती जोडणीला पहिली १०० युनिट मोफत असतात. दोन महिन्यांचा वापर ५०० युनिटच्या पुढे गेला, तर आधीच्या काही युनिटचाही दर वाढतो. बिल थोड्या युनिटसाठी बरेच फुगते, म्हणून दुसऱ्या महिन्यात मीटर पाहत राहा.

प्रवास : मे २०२१ पासून साध्या भाड्याच्या सरकारी शहर बसमध्ये महिलांना तिकीट लागत नाही. त्यासाठी रेशनकार्डाची गरज नाही. वाचलेले भाडे हीसुद्धा मिळकतच आहे. ते बाजूला काढा.

मुलांचा नाश्ता : सरकारी प्राथमिक शाळांत पहिली ते पाचवीच्या मुलांना सकाळचा नाश्ता मिळतो. सकाळी लवकर कामावर जाणाऱ्या पालकांचा यात वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

विमा : जीवनज्योती (४३६ रुपये) आणि सुरक्षा विमा (२० रुपये) यांचा वार्षिक हप्ता मेअखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. शिल्लक नसेल तर विमा बंद पडू शकतो. दोन्ही घेतले असल्यास १५ मेनंतर खात्यात ४५६ रुपये राहू द्या.

१,००० रुपयांची नमुना वाटणी
- वीजबिल : ४०० (बिलापर्यंत ८०० जमतात)
- गॅस : ३००
- पोस्टातील आवर्ती ठेव : २००
- खात्यात शिल्लक : १००

आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून उघडता येते आणि तिची मुदत पाच वर्षे असते. महिना २०० प्रमाणे मुद्दलच १२,००० रुपये होते, व्याज वेगळे. बारा हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते. त्यामुळे दवाखाना किंवा शाळेच्या फीसाठी लगेच सावकाराकडे किंवा सोने गहाण ठेवायला जावे लागत नाही.

५. महिन्यातून एकदा, अर्धा तास

१५ तारखेनंतरच्या रविवारी घरातील सर्वांनी बसून चार गोष्टी पाहाव्यात : पासबुकात किती जमा झाले, मीटर किती झाला, या महिन्याचे धान्य उचलले का, आणि उसने किती द्यायचे आहे. चारही आकडे एकाच वहीत लिहा. हिशेब एकट्या बाईच्या डोक्यात राहिला, तर काळजीही तिच्या एकटीच्याच वाट्याला येते.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तमिळ येत नाही. अर्ज कसा भरावा?
ई-सेवै केंद्रात तमिळ जाणणाऱ्या शेजाऱ्याला सोबत न्या. वाचून न दाखवलेल्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

‘हप्ता अडकला आहे, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर?
ओटीपी, पिन किंवा कार्ड क्रमांक कोणालाही सांगू नका. पैसे गेल्यास लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

रेशन दुकानदार बाहेरच्या राज्याचे कार्ड नाकारतो. काय करावे?
‘एक देश एक रेशनकार्ड’ मदत क्रमांक १४४४५ वर तक्रार करा. फोन करताना कार्ड क्रमांक आणि दुकानाचा क्रमांक जवळ ठेवा.