कलम ४५ : एका विशेषणाचा इतिहास

साहित्याचे अभ्यासक कायद्याची कलमे सहसा वाचत नाहीत. वस्तुतः शब्दाला कवितेत जेवढे मोल असते तेवढेच ते कलमातही असते. एखादे विशेषण घुसले वा गळले की मुलांच्या वाट्याला येणारी शाळेची वर्षे कमीअधिक होतात. राज्यघटनेचे मूळ कलम ४५ या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केली होती. १९११ साली नामदार गोखल्यांनी तिला विधेयकाचे रूप दिले. त्यात सहा ते दहा वयाच्या मुलांची तरतूद होती, आणि सक्ती लागू करायची की नाही हे स्थानिक संस्थांवर सोपविले होते. तरीही १९१२ साली ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. बॅरिस्टर विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात १९१८ साली कायदा झाला, तोही नगरपालिकांना केवळ मुभा देणारा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ साली लंडनमध्ये बॅरिस्टर झाले. १९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोहोचतात. शाळेत नाव घालणे आणि शाळेत टिकणे यांतले अंतर त्यांनी तेव्हापासून मनाशी मोजलेले होते. सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालयांची उभारणी सर्वज्ञात आहे. परंतु शिक्षणाच्या संदर्भात त्यांच्यातला कायदेपंडित खऱ्या अर्थाने दिसतो तो दिल्लीत, २३ नोव्हेंबर १९४८ रोजी, घटना समितीत.

मसुद्यातील कलम ३६ त्या दिवशी चर्चेला आले. प्रत्येक नागरिकास मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे, असा त्याचा पूर्वार्ध. चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्य दहा वर्षांत प्रयत्न करील, असा उत्तरार्ध. मार्गदर्शक तत्त्वांत हक्काची भाषा बसत नाही म्हणून पूर्वार्ध गाळावा, ही लक्ष्मीकांत मैत्र यांची सूचना आंबेडकरांनी स्वीकारली. उत्तरार्धात 'शिक्षण' ऐवजी 'प्राथमिक शिक्षण' म्हणावे, ही नजिरुद्दीन अहमद यांची सूचना मात्र त्यांनी नाकारली. त्यांचा युक्तिवाद असा : मसुद्यातील कलम १८ चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवू देत नाही, मग ते मूल कामावर नसेल तर शाळेत असले पाहिजे. एका कलमाचा अर्थ दुसऱ्या कलमाच्या उजेडात लावण्याची ही रीत कसलेल्या वकिलाची आहे.

तथापि या युक्तिवादात एक फट होती. कलम १८ (पुढे २४) कारखाने, खाणी आणि धोक्याची कामे यांपुरतेच बोलते. दिल्लीतील सरोजिनी नगर ही सरकारी नोकरांची वसाहत. घटना समितीच्याच एका सदस्येचे, कवयित्री सरोजिनी नायडूंचे, नाव धारण करणारी. तिथला बाजार ना कारखाना, ना खाण. अशा बाजारातल्या चहाच्या टपरीवर कपबश्या विसळणारे पोर त्या कलमाच्या कक्षेत सहज येत नव्हते. टपऱ्या, ढाबे आणि घरकाम यांवरील बंदी २००६ साली आली. घरच्या व्यवसायातील मदतीसारखे अपवाद वगळता चौदाखालील मुलांच्या सर्वच मजुरीवर बंदी यायला २०१६ उजाडले. आंबेडकरांनी गृहीत धरलेले वाक्य कायद्याने अडुसष्ट वर्षांनी लिहिले.

गाळलेल्या पूर्वार्धाची किंमतही थोडी नव्हती. दहा वर्षांची मुदत १९६० साली सरली, आणि न्यायालयात जाब विचारण्याची सोय नव्हती. मैत्र यांचे म्हणणे रचनेच्या दृष्टीने बिनतोड होते, हे मान्य करूनही तो शब्द सोडायला नको होता असे मला वाटते. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कलम २१ मधील जीविताच्या हक्कात शोधून काढला. चौदा वर्षांची मर्यादा मात्र न्यायालयाने ४५ मधूनच घेतली, आणि 'प्राथमिक' हे विशेषण तिथे नसल्याने हा हक्क चौथीपाशी थांबला नाही.

२००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने कलम २१-क आणले. त्याला अनुसरून झालेला २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. हक्क आता सहा ते चौदा वयाच्या मुलांचा आहे. मूळ ४५ ला खालची वयोमर्यादा नव्हती. सहा वर्षांखालील मुले बदललेल्या ४५ मध्ये उरली आहेत, पुन्हा 'प्रयत्न करील' याच क्रियापदाच्या स्वाधीन.