अकॅडमीच्या गेटबाहेर

हा भाग मी रात्री साडेअकराला रेकॉर्ड केलाय, लेक झोपल्यावर. ऐकताना मागे पंख्याची घरघर येईल, ती माफ करा. वाचणाऱ्यांना तेवढा त्रास नाही.

आपण इथे एरवी लढायांबद्दल, किल्ल्यांबद्दल बोलतो. आजचा विषय मात्र घरातनंच निघाला. माझा नवरा बँकेत नोकरी करतो. गेल्या वर्षी तो टेरिटोरियल आर्मीत लेफ्टनंट झाला आणि आता तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला गेलाय. घरी मी, पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई. पहिल्या आठवड्यात मला एकच प्रश्न छळत होता: माझ्याआधी या जागी कोण कोण उभं राहिलं असेल? म्हणजे अकॅडमीच्या गेटच्या बाहेरच्या बाजूला. आतल्या माणसांवर पुस्तकं आहेत, सिनेमे आहेत. बाहेरच्यांचं काय?

शोधायला बसले, तर पहिली गोष्ट ही कळली की इतिहासात बराच काळ या जागी कुणी असावं अशी सोयच नव्हती.

ब्रिटिश लष्करात एक म्हण होती. लेफ्टनंटनं लग्न करू नये, कॅप्टननं केलं तर चालेल, मेजरनं करावं आणि कर्नलनं केलंच पाहिजे. हा नुसता विनोद नव्हता. लग्नासाठी कमांडिंग ऑफिसरची परवानगी लागायची, आणि तिशीच्या आत लग्न केलं तर विवाहित अधिकाऱ्याला मिळणारा भत्ता मिळायचा नाही. तरुण अधिकाऱ्याचं घर म्हणजे मेस. जेवण तिथं, मित्र तिथं, संध्याकाळही तिथंच. बायको आली की तो संध्याकाळी घरी जाणार, आणि रेजिमेंटला ते नको होतं. हीच रीत आपल्याकडच्या अधिकाऱ्यांनीही उचलली. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सेनाप्रमुख करिअप्पा १९१९ मध्ये इंदूरच्या कॉलेजातून कमिशन घेऊन बाहेर पडले. त्यांचं लग्न झालं १९३७ मध्ये. मधली अठरा वर्षं मोजा.

दुसऱ्या महायुद्धात मात्र इतके अधिकारी लागायला लागले की बेळगाव, महू, बंगळूर इथं ट्रेनिंग स्कूल्स उघडली गेली. १९६२ च्या चीन युद्धानंतर पुन्हा तेच झालं. १९६३ मध्ये मद्रासला आणि आपल्या पुण्यात ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल सुरू झालं. पुण्याचं थोड्याच काळात बंद झालं. मद्रासचं टिकलं, आणि आज त्यालाच आपण चेन्नईची ओटीए म्हणतो. पुण्यातल्या किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे.

आता आजचा नियम. तुमच्यापैकी कुणी सीडीएसची जाहिरात वाचली असेल तर आठवेल. मुलगा अविवाहित हवा, आणि ट्रेनिंग संपेपर्यंत लग्न करणार नाही असं लिहून द्यायचं. मध्येच लग्न केलं तर घरी पाठवतात, वर सरकारनं केलेला खर्चही परत मागतात. घटस्फोटित किंवा विधुर पुरुषाला ‘अविवाहित’ धरत नाहीत. वाचताना कडक वाटतं. पण मागच्या महिन्यात लेकीला एकशे तीन ताप होता, रात्री दोन वाजता मी एकटी रिक्षा शोधत होते, तेव्हा हा नियम करणाऱ्यांचा हिशोब मला अगदी स्वच्छ कळला. त्यांना आतल्या माणसाचं डोकं पूर्ण हवं असतं. घरचा ताप आत पोहोचायला नको असतो.

मग माझ्या नवऱ्याला कसं घेतलं? तर टेरिटोरियल आर्मीचा पायाच वेगळा आहे. १९४८ चा कायदा, आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उद्घाटन. कल्पना अशी, की देशाला कायमची मोठी फौज परवडत नाही, तर आपापला पोटापाण्याचा उद्योग करणाऱ्या माणसांना वर्षातले काही दिवस शिकवायचं आणि गरज पडली की बोलवायचं. १९६२, १९६५, १९७१, तिन्ही वेळा बोलावलं गेलं. अधिकाऱ्यासाठी अट अशी की वय १८ ते ४२ आणि हाताला काम हवं. चाळिशीतला कमावता माणूस म्हणजे तो बहुतेक लग्न झालेलाच असणार! म्हणून इथं लग्नाची आडकाठी नाही. सचिन पायलट २०१२ मध्ये याच वाटेनं लेफ्टनंट झाले. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टानं सांगितलं की बायकांनाही ही वाट खुली आहे. म्हणजे उद्या गेटबाहेर उभं राहणारा नवरा असू शकतो. तो हा भाग ऐकत असेल तर त्याला माझा विशेष नमस्कार.

ट्रेनिंग असं: पहिल्या वर्षी एक महिना बेसिक, दर वर्षी दोन महिन्यांचा कॅम्प, आणि पहिल्या दोन वर्षांत कधीतरी हे तीन महिने. ते सगळं फ्रीजवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं मारलंय.

एका रात्री मी तो कायदाच वाचायला घेतला. त्यात मालकाबद्दल नीट लिहिलंय. लष्करी सेवेला बोलावलेल्या माणसाला परत आल्यावर आधीपेक्षा वाईट नाही अशा अटींवर कामावर घ्यायचं, आणि नाही घेतलं तर सहा महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई द्यावी लागू शकते. प्रॉव्हिडंट फंडाचा हक्कही राखलेला. साहेबाची जबाबदारी कागदावर आहे. ‘त्या महिन्यांत शाळेची फी, सासूबाईंच्या गोळ्या आणि नळाची गळती कोण बघेल’ हे कलम मला सापडलं नाही. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “अगं, ते कलम तू आहेस.”

हसले तेव्हा. नंतर बराच वेळ झोप लागली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा भाग करायचं ठरवलं, तिच्याकडे येते. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना ते शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी ठरवलं, आपणही वर्दी घालायची. जवानांच्या विधवांसाठी ओटीएत राखीव जागा असतात, पण वयाची मर्यादा ३५. त्यांचं वय त्यापुढे गेलेलं. त्यांना वयात सूट दिली गेली. दोन्ही मुलांना बोर्डिंगमध्ये ठेवून त्या चेन्नईला गेल्या. वयानं कितीतरी लहान मुलींबरोबर जवळपास वर्षभर धावणं, पीटी, पाठीवर वजन. ९ सप्टेंबर २०१७ ला लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या.

त्यानंतर मुंबईकडच्या दोघी. गौरी महाडिक, मेजर प्रसाद महाडिक यांच्या पत्नी, मार्च २०२० मध्ये. कनिका राणे, गुरेझमध्ये शहीद झालेल्या मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. राणेंचा मुलगा तेव्हा अगदी लहान होता.

या तिघींबद्दल वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बातमीत फोटो असतो परेडचा, खांद्यावरच्या ताऱ्यांचा. पण ते अकरा महिने पोरांजवळ कुणीतरी होतंच ना? आजी, मामा, बोर्डिंगच्या मावशी. ज्या माणसानं एरवी ट्रेनिंगच्या काळात घर धरलं असतं, तोच माणूस यांच्या घरात उरला नव्हता. ती जागा इतरांनी वाटून घेतली. लष्कराचा इतिहास लिहिताना या माणसांची नावं कुठल्या रजिस्टरमध्ये शोधायची?

माझ्याकडे नवरा आहे. रात्री साडेनऊला त्याचा फोन येतो, दहा मिनिटं. तापाच्या त्या रात्रीबद्दल मी त्याला सांगितलं नाही. वाटलं, उगाच कशाला. चार दिवसांनी लेकीनंच सांगून टाकलं, “बाबा, मी दवाखान्यात झोपले होते.” पलीकडे एकदम शांतता. मग तो चिडला. मी त्याला आणखी काय काय सांगत नाहीये, हे आता त्याला रोज वाटत राहणार, असं म्हणाला. मीही ऐकवलं. तू तिथनं काय करणार होतास? त्यातच दहा मिनिटं संपली.

दुसऱ्या दिवशी आमचं ठरलं. ताप, पैसे आणि सासूबाईंचं बीपी, या तीन गोष्टी लपवायच्या नाहीत. नळ गळतोय हे नाही सांगितलं तरी चालेल.

अजून सत्तावीस दिवस आहेत. ट्रेनिंग संपल्यावर त्याला बोलतं करायचा विचार आहे, पुढच्या भागात. तुमच्या घरातलं कुणी असं गेटबाहेर उभं राहिलं असेल, आजी असेल, काका असेल, तर त्यांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. एक मिनिटाचीही चालेल.

बरं, नळ गळतोच आहे. प्लंबर उद्या अकराला येतो म्हणालाय.