सावनेरातले गडकरी मास्तर

आमचं खापरखेडा कोळशाचं आणि विजेचं गाव. तालुका मात्र सावनेर. दाखला काढायचा असो की फेरफार करायचा असो, कागदाची पिशवी काखेत मारून सावनेरच गाठावं लागतं. त्या सावनेरात राम गणेश गडकरींचं स्मारक आहे. सहकारी साखर कारखान्यालाही त्यांचंच नाव दिलं होतं. तो पुढे लिलावात गेला. पण हा माणूस इथला कसा, असं कोणाला विचारा, "असन बाप्पा, कोणी मोठा माणूस!" एवढंच उत्तर मिळतं.

खरं तर ते इथले नव्हतेच. जन्म २६ मे १८८५ चा, गुजरातेतल्या नवसारीचा. पुढे पुण्यात आले, किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांचे मास्तर झाले आणि मराठी भाषा अशी वाकवली, की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. कविता लिहिताना ते गोविंदाग्रज, विनोद लिहिताना बाळकराम. क्षयानं गाठलं तेव्हा अखेरचे दिवस काढायला ते सावनेरला भावाकडे आले. अंगात ताप, तरी लिहिणं सुटलं नाही. 'भावबंधन' त्यांनी याच शेवटच्या काळात पुरं केलं. 'राजसंन्यास' अर्धंच राहिलं. २३ जानेवारी १९१९ ला सावनेरातच त्यांनी डोळे मिटले. वय अवघं ३३.

पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळीनं 'एकच प्याला' रंगभूमीवर आणलं. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व. लिहिणाऱ्याला काही तो प्रयोग दिसला नाही.

पुण्याच्या संभाजी उद्यानातही त्यांचा अर्धपुतळा होता. 'राजसंन्यास'मधल्या संभाजी महाराजांच्या चित्रणावर राग धरून ३ जानेवारी २०१७ च्या पहाटे काही जणांनी तो उखडला आणि मुठा नदीत टाकला. ज्या नाटकाचा शेवट लिहायला मरणानं सवड दिली नाही, त्याचा जाब सुमारे शंभर वर्षांनी दगडाला विचारला गेला. नाटक पटलं नाही तर त्यावर लिहावं, बोलावं, भांडावंही. पुतळा नदीत टाकून वाद मिटत नाही, नुसता बुडतो.

म्हणून सावनेरच्या स्मारकाचं मोल मला जास्त वाटतं. ना जातीचं नातं, ना जन्माचं. मरायला आलेल्या पाहुण्याला गावानं आपला म्हटलं, एवढंच.

आमच्या खापरखेड्यातही बाहेरून आलेली माणसं पुष्कळ. खाणीत आणि वीज केंद्रात दूरदूरचे लोक राबले, इथंच त्यांच्या पोरांची लग्नं झाली. कोण कुठला, याचा हिशोब आता कोण ठेवते? पगाराच्या संध्याकाळी एखादा झोकांड्या खात घरी येतो, तेव्हा शेजारीण म्हणते, "आला पाहा तळीराम!" तिनं 'एकच प्याला' वाचलेलं नसतं. तळीराम हे त्या नाटकातलं पात्र, हेही तिला ठाऊक नसतं. पण आतल्या घरात एक सिंधू बसली आहे, हे तिला पक्कं कळतं.

पुढच्या खेपेला कचेरीतलं काम आटोपलं, की पोराला घेऊन स्मारकापाशी दोन मिनिटं थांबा. तळीराम कोणी लिहिला, ते त्याला सांगा.