चित्र तिचं, नाव दुसऱ्याचं



इतिहासात चित्रकार बायका फारशा का दिसत नाहीत, असं विचारलं की आपण पटकन म्हणतो, "त्यांना शिकायला मिळतच कुठे होतं!" ते खरंच आहे. पण जी शिकली, जिने नाव आणि पैसा दोन्ही कमावलं, तीसुद्धा विसरली गेली. ते कसं, हे युडिथ लायस्टरच्या गोष्टीवरून कळतं.

युडिथ हॉलंडमधल्या हार्लेम गावची. जन्म १६०९ चा. वडिलांचं दिवाळं निघालेलं. १६३३ साली ती गावातल्या चित्रकारांच्या संघाची सभासद झाली. हे सभासदत्व म्हणजे धंद्याचा परवानाच. त्यावर स्वतःची चित्रशाळा चालवता येई, शिष्य ठेवता येत. तिच्याकडेही शिष्य होते. त्यातला एक तीन दिवसांच्या आत तिला सोडून फ्रान्स हाल्स या नामांकित चित्रकाराकडे गेला, तेव्हा तिने सरळ दावा लावला. मुलाच्या आईला भरपाई द्यावी लागली आणि हाल्सला दंड. अशी ही खमकी बाई!

१६३६ मध्ये तिचं लग्न यान मोलेनार या चित्रकाराशी झालं. पाच मुलं झाली, त्यातली दोनच जगून मोठी झाली. लग्नानंतरची तिची चित्रं अगदी मोजकीच सापडतात. १६६० मध्ये ती गेली. पुढे नवरा वारल्यावर घरातल्या वस्तूंची यादी झाली. त्यात तिच्या काही चित्रांपुढे तिचं नाव नव्हतं, 'मयताची पत्नी' एवढंच होतं. नाव पुसायला सुरुवात झाली ती अशी, घरच्याच कागदावर.

मग दोनशे वर्षं तिची चित्रं हाल्सची म्हणून विकली गेली. दोघांची शैली जवळची, आणि हाल्सच्या नावाला बाजारात भाव. १८९३ मध्ये लंडनच्या कोर्टात एका चित्राचं प्रकरण आलं. हाल्सचं म्हणून ते ४,५०० पौंडांना विकलं होतं, पण त्यावर 'जे', 'एल' आणि तारा अशी खूण निघाली. लायस्टर म्हणजे वाट दाखवणारा तारा. ती तिची सही होती. होफस्टेडे डे ग्रोट या अभ्यासकाने ती ओळखली आणि तिची आणखी चित्रं शोधून काढली. कोर्टातलं प्रकरण तडजोडीने मिटलं. खरेदीदाराने चित्र ठेवलं, पण ३,५०० पौंडांना.

मी कॉमर्सची, त्यामुळे मला तो हजार पौंडांचा फरक टोचतो. रंग तेच, कारागिरी तीच, बदललं ते फक्त पावतीवरचं नाव. हरवलेली गुणी चित्रकार सापडली याचा आनंद कोणाला झाला नाही, किंमत मात्र उतरली. चित्र बाईचं आहे हे लपवण्यातच जिथे व्यापाऱ्याचा नफा, तिथे तिचं नाव कोण शोधणार?

तरीही ती सापडली, कारण तिने चित्रांवर आठवणीने सही केली होती. आपल्या घरातही आजीने भरलेली तोरणं, सासूबाईंनी विणलेले रुमाल असतात, आणि दोन पिढ्यांनी ते 'जुनं काहीतरी' होतात. तेव्हा यंदाच्या साफसफाईत ते बाहेर काढाल तेव्हा मागच्या बाजूला दोन टाके घाला: तिचं नाव आणि साल. स्वतःचं काम असेल तर स्वतःचंही. संकोच करू नका.