मायक्रोवेव्ह बिघडलाय? दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

मायक्रोवेव्ह बंद पडला की घरात लगेच दोन मतं होतात. एक म्हणतो, "जुना झाला, नवाच घेऊ." दुसरा म्हणतो, "किरकोळ काहीतरी असेल, करून घेऊ." दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण हा निर्णय नेमका कोणता भाग गेलाय यावर ठरतो. मी तो कसा घेतो, ते पाहूया.

मेकॅनिकला बोलावण्याआधी

काहीच चालू होत नसेल तर त्याच सॉकेटला दुसरं उपकरण लावून बघा. एमसीबी पडलाय का तेही बघा. डिस्प्ले दिसतोय पण बटणं चालत नाहीत, असं असेल तर चाइल्ड लॉक लागलेलं असू शकतं.

अन्न कमी गरम होतंय असं वाटत असेल तर काचेच्या भांड्यात १ लिटर साधं पाणी घ्या आणि त्याचं तापमान मोजा. फुल पॉवरवर २ मिनिटं ठेवा, ढवळा आणि पुन्हा मोजा. जितके अंश सेल्सिअस वाढले त्याला ३५ ने गुणा, म्हणजे अंदाजे वॅट मिळतील. २० अंश वाढले तर साधारण ७०० वॅट. हा आकडा लेबलवरच्या आउटपुट पॉवरशी ताडून बघा. थोडा कमी आला तर चालतं, निम्मा आला तर बिघाड नक्की.

लक्षणावरून अंदाज

• प्लेट फिरत नाही: खालची छोटी मोटर किंवा कपलर गेलेला असतो. दुरुस्तच करा.

• आत ठिणग्या उडतात: मशीन लगेच बंद करा. आत धातूचं किंवा चंदेरी-सोनेरी काठाचं भांडं नव्हतं ना? नसेल तर आतल्या भिंतीवरची मायका शीट तेल-मसाला उडून जळालेली असू शकते. ही शीट स्वस्त असते.

• लाइट लागतो, प्लेट फिरते, पण अन्न थंडच: मॅग्नेट्रॉन, हाय व्होल्टेज डायोड, कपॅसिटर किंवा दाराचा स्विच, यांपैकी काहीतरी. यात मॅग्नेट्रॉन सर्वांत महाग. म्हणून "मॅग्नेट्रॉन गेला" असं सांगितलं, तर बाकीचे तीन तपासलेत का हे आधी विचारा.

• दार वाकलंय, नीट बसत नाही किंवा आतला पत्रा गंजून भोक पडलंय: वापर त्याच क्षणी थांबवा. लहरी आतच राहाव्यात हे काम दार आणि पत्रा करतात. कंपनीचं मूळ दार मिळालं तर बदलून घ्या. पत्र्याला भोक असेल तर मी दुरुस्तीचा विचारच करत नाही.

पैशांचा हिशोब

माझा नियम सोपा आहे. मशीन पाच-सहा वर्षांपेक्षा जुनं असेल आणि खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त येत असेल, तर नवं घ्यायचं. मात्र तुलना त्याच प्रकाराशी करा. कन्व्हेक्शनच्या दुरुस्तीची तुलना स्वस्त सोलो मॉडेलशी केली तर हिशोब चुकतो. वॉरंटी कार्डही नीट वाचा, कारण बऱ्याच कंपन्या मॅग्नेट्रॉनला बाकी मशीनपेक्षा जास्त वर्षांची वॉरंटी देतात. खर्च आधी लिहून घ्या, बदललेला जुना पार्ट परत मागा आणि नव्या पार्टची वॉरंटी बिलावर टाकून घ्या.

कव्हर स्वतः उघडू नका

व्हिडिओ बघून मिक्सर उघडणारे बरेच जण आहेत, पण इथे तो प्रयोग नको. आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे २,००० व्होल्ट निघतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहू शकतो. तो झटका जीव घेऊ शकतो. बाहेरून पुसणं, प्लेट आणि रिंग धुणं, इतकंच आपलं काम.

नवा घ्यायचं ठरलं तर जुना कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. तो ई-कचरा आहे. एक्स्चेंजमध्ये द्या किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवा.